जॉन विक: बघण्याआधी आणि बघून झाल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

कुणालाही जॉन विक सुचवला की समोरून तेच पाच-दहा प्रश्न येतात आणि मी दरवेळी तीच उत्तरं देत बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. वरचे प्रश्न पिक्चर न बघितलेल्यांनी वाचले तरी चालतील. खाली जिथे 'आता स्पॉयलर' असं लिहिलंय तिथून पुढे आपापल्या जबाबदारीवर.

एका कुत्र्यासाठी एवढी माणसं मारतो? एवढीच स्टोरी आहे का?

एवढीच आहे, आणि तेच बरंय. जॉन विक हा सुपारी घेऊन माणसं मारणारा, म्हणजे त्या धंद्यातला सगळ्यात नामचीन माणूस, पण लग्नासाठी त्याने धंदा सोडलाय. बायको हेलन आजारपणात जाते. जायच्या आधी तिने एक सोय करून ठेवलेली असते, ती गेल्यावर त्याच्या दारात एक बीगल पिल्लू येतं, सोबत चिठ्ठी, की तुला आता कुणावर तरी माया करायला हवी. मग एका रशियन डॉनचा लाडावलेला पोरगा, आयोसेफ, पेट्रोल पंपावर जॉनची 1969 ची मस्टँग बघतो, विकत मागतो, जॉन नाही म्हणतो, तर रात्री घरात घुसून गाडी नेतो आणि पिल्लाला मारतो.

आता 'कुत्र्यासाठी मारतो' हे ऐकायला येडपट वाटतं, पण पिक्चरची पहिली पंधरा मिनिटं नीट बघा. तो माणूस रडून मोकळा होणार होता आणि ती एकच संधी त्याच्या हातातून हिसकावून घेतली जाते. पुढची सगळी गोळीबारी म्हणजे नीट रडायला न मिळालेल्या माणसाचं प्रकरण आहे असं माझं मत आहे, पटत नसेल तर नुसती फायटिंग बघा, तीही पैसे वसूल आहे.

बनवलाय कुणी? डायरेक्टरचं आधी नाव ऐकलं नव्हतं.

ऐकलं नसणारच, कारण 2014 च्या आधी चॅड स्टाहेल्स्कीने एकही पिक्चर डायरेक्ट केला नव्हता. तो स्टंटमन. 1999 च्या 'द मॅट्रिक्स'मध्ये कियानू रीव्ह्जचा डबल होता, म्हणजे कियानूच्या नावावर जे फटके खाल्ले गेले त्यातले बरेच याच्या अंगावर पडलेत. सोबत डेव्हिड लीच, तोही स्टंटमन, ब्रॅड पिटचा डबल. दोघांनी मिळून पिक्चर केला पण डायरेक्टर म्हणून नाव फक्त स्टाहेल्स्कीचं लागलं, लीच प्रोड्यूसर म्हणून दिसतो. लिहिलाय डेरेक कोल्स्टॅडने.

कोल्स्टॅडच्या मूळ स्क्रिप्टचं नाव 'स्कॉर्न' होतं, आणि त्यात हीरो साठीच्या पुढचा म्हातारा होता. कियानू आला आणि वय खाली आलं (तरी रिलीजच्या वेळी तो 50 चा होता, हे विसरू नका). नावाचं असं झालं की कियानू जिथे जाईल तिथे 'मी जॉन विक नावाचा पिक्चर करतोय' असंच सांगत सुटला, शेवटी प्रोडक्शनवाल्यांनी तेच नाव ठेवलं. फुकटात पब्लिसिटी.

आणखी एक किस्सा. शूटिंगच्या अगदी तोंडावर पैसे कमी पडले आणि पिक्चर बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा ॲक्ट्रेस ईव्हा लॉन्गोरियाने जवळपास 60 लाख डॉलर घातले. पिक्चरचं एकूण बजेट 2 ते 3 कोटी डॉलरच्या घरातलं, त्यात 60 लाख म्हणजे किती मोठा वाटा ते बघा. पिक्चरने जगभरात साडेआठ कोटींच्या आसपास कमावले. चौथ्या भागापर्यंत हाच आकडा 44 कोटींच्या आसपास गेला.

याच्या फाइट्सचं एवढं कौतुक का? गोळ्या तर सगळ्याच पिक्चरमध्ये असतात.

हा माझा आवडता प्रश्न, जरा लांब उत्तर देतो.

जॉन विकच्या आधीची दहा-बारा वर्षं आठवा. फाइट सुरू झाली की कॅमेरा थरथरायला लागायचा, एका सेकंदात दोन-तीन कट, कुणाचा हात कुणाच्या पोटात गेला काही कळायचं नाही, फक्त 'धाड-धाड' ऐकू यायचं आणि शेवटी हीरो उभा दिसायचा. ती स्टाइल एक-दोन पिक्चरमध्ये मुद्दाम आणि चांगली वापरली गेली होती, मग बाकीच्यांनी ती झाकपाक करायला वापरली, कारण ॲक्टरला फाइट येत नसेल तर कटमध्ये सगळं लपतं.

इथे उलट आहे. कॅमेरा लांब उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, शॉट लांबलचक चालतो आणि कियानू स्वतः करतोय हे उघड दिसतं. त्यासाठी त्याने महिनोन्‌महिने ज्युडो, जुजित्सू आणि बंदुकीचं ट्रेनिंग घेतलं. एकाला धरून आपटायचं, तो खाली दाबलेला असतानाच दुसऱ्यावर गोळी, मग खालच्याचा हिशेब, असं कुस्ती आणि नेमबाजीचं जे मिश्रण आहे त्याला 'गन-फू' म्हणतात. हा शब्द आणि मूळ कल्पना हाँगकाँगच्या ॲक्शन पिक्चरांमधून आलीय, पण तिकडे दोन्ही हातात पिस्तुलं घेऊन हवेत उडत मारायचे, इथे सगळं जवळून, अंगाला अंग लावून, आणि पिस्तूल छातीजवळ तिरकं धरून. ती पिस्तूल धरायची पद्धतही बनवलेली नाहीये, 'सेंटर ॲक्सिस रीलॉक' म्हणून खरी पद्धत आहे, कमी जागेत बंदूक कुणी हिसकावू नये म्हणून.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते म्हणजे याच्या गोळ्या संपतात! पहिल्या भागात त्याच्याकडे मुख्यतः हेकलर अँड कॉखचं पिस्तूल आहे, मॅगझिनमध्ये 15 गोळ्या. तो बदलतो मॅगझिन. फाइटच्या मधोमध, चालता चालता, एकाला गुडघ्याखाली दाबून ठेवून. एकदा लक्ष गेलं की मग पुढे प्रत्येक फाइटमध्ये आपणच मोजायला लागतो. सुतार काम करताना मध्ये पेन्सिल कानावर खोचतो ना, तसं ते रीलोडिंग आहे, कामातलं काम. बाकीचे पिक्चर मारेकऱ्याचा रुबाब दाखवतात, हा पिक्चर त्याचं काम दाखवतो, माझ्यासाठी सगळा फरक तिथेच आहे.

रेड सर्कल क्लबचा सीन बघताना हे सगळं एकत्र दिसेल. शूटिंगच्या वेळी कियानूला सणसणीत ताप होता म्हणे, आणि चेहऱ्यावरचा तो थकवा मेकअपचा वाटतही नाही.

बाबा यागा म्हणजे काय?

पिक्चरमध्ये हे जॉनचं टोपणनाव, 'बागुलबुवा' अशा अर्थाने वापरलंय. खरं तर रशियन लोककथांमधली बाबा यागा ही म्हातारी चेटकीण आहे, कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत राहणारी. म्हणजे डॉनची माणसं ज्याला थरथर कापतात त्याला ती चक्क 'चेटकीण आजी' म्हणतायत. रशियन लोकांना हे ऐकून हसू येत असणार. पण व्हिगो, म्हणजे पोराचा बाप, तो सीन इतका भारी करतो की आपल्याला काही खटकत नाही. त्याचं म्हणणं, जॉन विक म्हणजे बागुलबुवा नव्हे, बागुलबुवाला मारायला ज्याला पाठवतात तो जॉन विक.

याच्याच आधी फोनवरचा सीन आहे. व्हिगो चिडून विचारतो की माझ्या पोरावर हात का टाकलास, समोरचा गॅरेजवाला सांगतो की त्याने जॉन विकची गाडी चोरली आणि कुत्रा मारला. व्हिगो फक्त 'ओह' म्हणतो. बस. हीरोची इतकी चांगली एंट्री हीरो फ्रेममध्ये नसताना मी दुसरीकडे बघितलेली नाही. व्हिगो करणारा मिकाएल न्यक्विस्ट हा स्वीडिश ॲक्टर, 2017 मध्ये गेला.

ते हॉटेल खरंच आहे का?

कॉन्टिनेंटल नावाचं मारेकऱ्यांचं हॉटेल अर्थातच नाही. पण बाहेरून जी त्रिकोणी बिल्डिंग दिसते ती खरी आहे, न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या भागात, बीव्हर बिल्डिंग म्हणतात, 1904 ची.

हॉटेलचा नियम एकच लक्षात ठेवा, आवारात 'काम' करायचं नाही. बाहेर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं आतल्या बारमध्ये शेजारी बसून पिऊ शकतात. नियम मोडला तर काय होतं ते पहिल्याच भागात कळतं.

या मारेकऱ्यांच्या सोन्याच्या एका नाण्याची किंमत किती?

सगळे हे विचारतात आणि पिक्चर मुद्दाम सांगत नाही. एका नाण्यात ड्रिंक येतं, एका नाण्यात एक प्रेत उचलून फरशी पुसून मिळते, म्हणजे भाव लावायचा तर डोकं फिरेल. तिसऱ्या भागात एक पात्र समजावतं की नाण्याला पैशातली किंमत नसते, देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांना मानलं याची ती खूण आहे. मी ते असं समजून घेतो की ज्या धंद्यात कुणावर विश्वास ठेवता येत नाही तिथे त्यांनी विश्वासाचीच टांकसाळ काढलीय.

साफसफाईवाला सीन जरूर बघा. घरात डझनभर प्रेतं पडलीत आणि जॉन फोन करून 'बारा जणांचं डिनर रिझर्व्हेशन' सांगतो. त्याच्या थोडं आधी आवाजाची तक्रार आली म्हणून पोलीस दारात उभा असतो, त्याला जॉनच्या मागे पडलेलं प्रेत दिसतं, आणि तो एवढंच विचारतो की परत काम चालू केलंस का. त्या एका प्रश्नात अख्ख्या शहराचा कारभार समजतो.

हे सगळं कितपत खरं आहे? खरे मारेकरी असे असतात?

अजिबात नाही. ब्रिटनमध्ये क्रिमिनॉलॉजीच्या अभ्यासकांनी 1974 ते 2013 या काळातल्या सुपारीच्या 27 केसेस आणि त्यातले 36 मारेकरी तपासले होते. त्यात बहुतेक जण जवळपासच्या वस्तीतले साधे लोक निघाले, कारणंही साधी, धंद्यातलं भांडण, नवरा-बायकोचं बिनसलेलं. सरासरी सुपारी 15 हजार पौंडांच्या आसपास, एका केसमध्ये तर फक्त 200 पौंड. सूट नाही, सोन्याची नाणी नाहीत, बऱ्याचदा धड प्लॅनही नाही, आणि पकडले गेले म्हणूनच तर अभ्यासात आले.

याउलट जॉनच्या डोक्यावर पहिल्या भागात 20 लाख डॉलर, दुसऱ्यात 70 लाख, तिसऱ्यात 1 कोटी 40 लाख. महागाई बघा.

सायलेन्सरचंही तसंच. दुसऱ्या भागात सबवे स्टेशनवर जॉन आणि त्याच्या मागावरचा मारेकरी कॅसियन गर्दीतून चालत चालत एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि कुणी वळूनही बघत नाही, मला तो सीन प्रचंड आवडतो पण तो शुद्ध थापा आहे. सायलेन्सरने आवाज साधारण 20 ते 35 डेसिबल कमी होतो, पिस्तुलाचा मूळ आवाज 160 च्या घरात, म्हणजे उरलेला आवाजही लोकांना खाली झोपवायला पुरेसा आहे. बुलेटप्रूफ सूटही तसाच, गोळी आत शिरली नाही तरी तिचा धक्का कुठे जाणार, बरगड्यांचा भुगा होईल. पिक्चरला हे माहितीय, म्हणून शिंपी आधीच सांगून ठेवतो की दुखणार मात्र भरपूर.

कुठल्या क्रमाने बघू?

आले तसे. पहिला 2014, दुसरा 2017, 'पॅराबेलम' 2019, चौथा 2023. ॲना दे आर्मासचा 'बॅलरिना' 2025 मध्ये आला पण त्याची स्टोरी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधली आहे, तरी तो चौथ्यानंतरच बघा. हॉटेलच्या जुन्या दिवसांची 'द कॉन्टिनेंटल' नावाची तीन भागांची सिरीज आहे, ती नाही बघितली तरी काही अडत नाही.

वेळ किती लागेल? पहिला 101 मिनिटांचा, चौथा 169 मिनिटांचा. वजन कसं वाढत गेलं ते यावरून समजा.

मुलांबरोबर बघता येईल?

नाही. आणि कुत्र्याचं पिल्लू मरतं हे मोठ्यांनाही आधी सांगा, मी एकदा न सांगता लावला होता आणि आमच्याकडे दोन दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं.

आता स्पॉयलर.

पहिल्या भागात बदला पूर्ण झाला ना? मग पुढचे तीन कशाला?

खरं सांगू, पहिल्या भागातच गोष्ट संपते. पोरगा मेला, बाप मेला, जॉन जखमी अवस्थेत जनावरांच्या दवाखान्यात घुसून स्वतःला टाके घालतो, तिथलं एक पिटबुल उचलतो आणि चालत घरी निघतो. पिक्चर तिथे मिटला असता तरी मी समाधानी होतो.

पण दुसऱ्या भागाने एक हुशार गोष्ट केली, त्याने विचारलं की हा माणूस धंद्यातून सुटला कसा होता? व्हिगोने त्याला 'अशक्य काम' दिलं होतं, एका रात्रीत सगळे शत्रू संपवायचे. ते त्याने सांतिनो नावाच्या इटालियनाच्या मदतीने केलं आणि बदल्यात रक्ताचा अंगठा उमटवून वचन दिलं, तेच ते 'मार्कर'. आता घराच्या तळघरातलं काँक्रीट घणाने फोडून बंदुका बाहेर काढल्यास ना, मग सांतिनो दारात उभा, माझं देणं दे. मला यात पहिला भाग उलटून बघायला मिळाला. आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हाच याने स्वतःची सुटका रद्द करून टाकली होती.

पुढे तो सांतिनोला हॉटेलच्या आवारातच मारतो आणि मग काय, एक्सकम्युनिकाडो, म्हणजे धंद्यातून बहिष्कृत, पळायला हातात एक तास.

तिसरा भाग मला मधेच सुटतो. सुरुवातीची लायब्ररी, चाकूंची फाइट, घोड्यांचा तबेला हे सगळं अफलातून, हॅली बेरी आणि तिची बेल्जियन मॅलिन्वा कुत्री तर कमालच, पण वाळवंटात जाऊन बोट कापून देण्याचं प्रकरण आणि 'हाय टेबल'ची, म्हणजे धंद्यातल्या सगळ्यात वरच्या मंडळाची, हायरार्की वाढत जाते तसा जॉन लहान होत जातो. पहिल्या भागात नियम कमी होते आणि दरारा जास्त होता.

हॉटेल मॅनेजर विन्स्टनने तिसऱ्याच्या शेवटी जॉनला खरंच मारायला गोळी घातली होती का?

यावर लोक अजून भांडतात. माझं मत, त्याला हॉटेल वाचवायचं होतं आणि जॉनने सूट घातलाय हेही माहिती होतं. पण गच्चीवरून खाली पडल्यावर वाचेल हे गणित त्याने केलं नसणार, तेवढी रिस्क त्याने जॉनच्या जिवावर घेतली. मित्र आहे पण हॉटेल मॅनेजर आधी आहे.

चौथ्या भागात जॉन मरतो की नाही?

पिक्चर जे दाखवतो त्यानुसार मरतो. पॅरिसमध्ये साक्रे-कर चर्चपर्यंत 222 पायऱ्या, सूर्योदयाच्या आत वर पोचायचं, पोचत आलेला असताना तो पार खालपर्यंत गडगडत येतो (थिएटरमध्ये लोक आधी हळहळतात आणि मग गडगडणं थांबतच नाही म्हणून हसायला लागतात, दोन्ही मुद्दाम केलेलं आहे). मग डॉनी येनच्या केनबरोबर ड्युएल, जॉन शेवटच्या राउंडला गोळी झाडतच नाही, हाय टेबलचा माणूस मार्क्विस उतावीळपणे पुढे येतो आणि याच्या शिल्लक गोळीने जातो. परत तेच, गोळी मोजणारा जिंकला. मग पायऱ्यांवर बसून हेलनचं नाव घेतो आणि कोसळतो. थडग्यावर जे लिहिलंय त्यात मारेकरीपणाचा मागमूस नाही, फक्त प्रेमळ नवरा.

तरीही लायन्सगेटने 2025 मध्ये कियानूसकट पाचवा भाग जाहीर केलाय. कसा परत आणणार हा त्यांचा प्रश्न. माझं विचाराल तर नको आणायला, पण आला तर पहिल्या शोला मी असेन, तेवढा मी प्रामाणिक आहे.

चौथ्या भागाच्या शेवटी क्रेडिट्सनंतर काही आहे?

आहे, उठू नका. केन आणि अकिराचा (केनने जिच्या बापाला मारलं ती) हिशेब बाकी आहे.

शॅरन, म्हणजे हॉटेलचा रिसेप्शनवाला, त्याचं काय झालं?

चौथ्यात त्याला मारतात. आणि तो करणारा लान्स रेडिक अमेरिकेत पिक्चर लागायच्या बरोबर एक आठवडा आधी, 17 मार्च 2023 ला, खरोखर गेला. त्यामुळे विन्स्टन त्याला धरून बसलेला असतो तो सीन आता नॉर्मलपणे बघता येत नाही.

स्टंटवाल्यांना ऑस्कर मिळाला का यासाठी?

नाही, कारण तेव्हा तशी कॅटेगरीच नव्हती. ॲकॅडमीने 2025 मध्ये स्टंट डिझाइनचं अवॉर्ड जाहीर केलं, 2027 मध्ये रिलीज होणाऱ्या पिक्चरांपासून ते मिळेल. त्यासाठी पाठपुरावा करणाऱ्यांमध्ये डेव्हिड लीच पुढे होता, तोच, ज्याचं नाव पहिल्या भागाच्या डायरेक्शनला लागलं नव्हतं. पॅरिसचा वरून घेतलेला सीन, खोल्याखोल्यांतून कॅमेरा छतावरून सरकत जातो आणि खाली शॉटगनमधून आगीच्या पिचकाऱ्या उडतात, तो या अवॉर्डच्या काळात आला असता तर बाकीच्यांनी नॉमिनेशन घेऊन घरी जायचं होतं.

त्या दुसऱ्या कुत्र्याचं नाव काय?

नावच नाही. दुसऱ्या भागात शॅरन विचारतो की याला काही नाव आहे का, जॉन नाही म्हणतो. पहिल्या पिल्लाला नाव होतं, डेझी, ते हेलनने पाठवलेलं होतं. याला त्याने शेवटपर्यंत नाव दिलंच नाही. पण हाक मारली की ते बरोबर येतं.